भुसकटाचं रेडकू

१

मला भुताखेतांच्या गोष्टी आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात तो विषयच बंद होता. छप्पन सालानंतर वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा घरातले ताईत, अंगारे, काळे दोरे सगळं एका टोपल्यात भरून उकिरड्यावर नेऊन टाकलं आणि आईला बजावलं की यातलं काही पुन्हा दिसलं तर या घरात एक तर ते राहील नाहीतर मी. पुढं मी नर्सिंगचं ट्रेनिंग केलं. माणूस जन्मताना आणि मरताना इतक्या जवळून पाहिला की मधल्या गोष्टींना घाबरायला सवड झाली नाही. तरीही ही एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण ती कुठल्या खणात ठेवावी तेच मला कळत नाही.

शहाऐंशीचा उन्हाळा होता. पिंपळदऱ्याच्या उपकेंद्रात मी नर्स होते. परंड्याहून कुर्डुवाडीला जाणारी एसटी फाट्यावर सोडायची, तिथून अर्धा तास पायी. उपकेंद्र म्हणजे पुढं तपासणीची एक खोली आणि मागं माझं बिऱ्हाड. आमचे हे नळदुर्गला शाळेत शिक्षक, ते शनिवारी यायचे. एरवी घरात मी, माझी आई आणि पाच महिन्यांची विशाखा. गावाला टँकरचं पाणी होतं. माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला जायची, आणि ज्यांच्या दारात दूध संस्थेनं दिलेली म्हैस होती त्यांची चूल तेवढी दोन्ही वेळा पेटायची.

माझा नेम ठरलेला. साडेपाचला गावातली फेरी संपवून यायचं, हातपाय धुवायचे, विशाखाला पाजायचं. आधी डावीकडं, मग उजवीकडं. उलटं केलं की बाईसाहेब तोंड फिरवायच्या. तिला आईच्या मांडीवर टाकायचं आणि किटली घेऊन अर्धा लिटर दुधासाठी बनाबाईंच्या गोठ्यावर जायचं.

बनाबाई म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली बाई. पहिलं वर्षभर त्यांची कासंडी माझ्या किटलीला शिवू नये म्हणून हातभर वरून दूध ओतायच्या. मीही काही कमी नव्हते. त्या जेवढी कासंडी वर उचलायच्या तेवढी मी किटली वर न्यायची. एकदा दूध त्यांच्या लुगड्यावर सांडलं तेव्हा दोघीही हसलो आणि तो खेळ तिथंच संपला.

२

बनाबाईंची सून चांगुणा. मुरूमची पोरगी, वय एकोणीस-वीस. तिकडं कानडीचा वारा लागलेला असतो, म्हणून ती लहान लेकराला ‘कूसू’ म्हणायची. चैत्रात तिचं बाळंतपण माझ्या हातून झालं. मुलगी झाली, अडीच किलोची, चांगली रडकी. दुष्काळात त्या मोठ्या घरातही दुपट्याला धड कापड उरलं नव्हतं म्हणून मी माझ्या पांढऱ्या नर्सच्या साडीचं अर्धं फाडून दिलं. बारशाच्या आदल्या दिवशी ती मुलगी गेली.

त्या दिवशी माझी परंड्याला महिन्याची मीटिंग होती. सकाळपासून लेकरू ओढत नव्हतं. दुपारी चांगुणा तिला घेऊन उपकेंद्रात आली, तर दाराला कुलूप. आईही विशाखाला घेऊन माझ्याबरोबर आली होती, कारण तिला पाजायला मी पाहिजे ना. ओली बाळंतीण ऊन कलेपर्यंत माझ्या पायरीवर बसून राहिली आणि मग उठून घरी गेली. मी फाट्यावर उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. गावातून रडण्याचा आवाज येत होता तो बनाबाईंचा.

मला कुणी बोल लावला नाही. चांगुणानं माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, “कुलूप हुतं, बाई.” त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

ती रडली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी तिचं दूध आटलं. जेवायला वाढलं तर ताटाकडं बघत बसायची, हाताला धरून उठवलं तर उठायची. उत्तरेश्वर, तिचा नवरा, दूध संस्थेच्या टेंपोवर होता. तो रात्री येऊन तिच्याजवळ नुसता बसायचा. मी परंड्याच्या आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सिस्टर, आपल्याला वाटतं की दुःख होतं म्हणून माणूस रडतो. पण पुष्कळदा रडू आल्यावरच मनाला कळतं की आपल्याला दुःख झालंय. अंग आधी, मन मागून. तिचं अंगच थिजलंय. कसंही करून तिला रडवा, नाहीतर ही पोरगी हातची जाईल.

मी मनाशी ठरवलं की हिला मी रडवणार. कुलूप माझ्या दाराचं होतं.

३

त्याच आठवड्यात त्यांच्या म्हशीचं, चंद्रीचं रेडकू मेलं. म्हशीचं असं असतं, रेडकू पुढं दिसलं नाही तर ती दूध वर चढवून धरते. पान्हा चोरते, म्हणतात आपल्यात. उत्तरेश्वर माझ्याकडं आला आणि बाळंतिणीला देतो तसलं इंजेक्शन म्हशीसाठी मागायला लागला. मी त्याला चांगला फैलावर घेतला. माझी पेटी काय गोठ्यासाठी आहे, म्हटलं.

मग त्यांनी जुना उपाय केला. रेडकाचं कातडं सोलवून घेतलं, मीठ लावून वाळवलं, आत भुसकट भरलं आणि पोट सुतळीनं शिवून टाकलं. डोळ्यांच्या जागी भोकं, पाय काठ्यांसारखे ताठ. ते धूड चंद्रीपुढं ठेवलं. तिनं हुंगलं, चाटायला लागली, आणि सडांतून दूध ठिबकायला लागलं.

मी बनाबाईंना म्हणाले, एवढं मोठं जनावर, त्याला कळत नाही का हे भुसकट आहे म्हणून?

बनाबाई धार काढता काढता म्हणाल्या, “तिला कळतंय की, बाई. पर तिच्या अंगाला न्हाय कळत.”

मला ते वाक्य फार आवडलं. आमच्या सिस्टर ट्यूटरनं हेच फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. पान्हा छातीतून फुटत नाही, मेंदूतून फुटतो. मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक गाठ असते. लेकराचा वास, लेकराचा आवाज, नुसती आठवणसुद्धा तिथं पोचली की ती रक्तात एक रस सोडते आणि दूध उतरतं. बाईला त्याची परवानगी कुणी विचारत नाही. भीती बसली, धक्का बसला की तीच गाठ हात आखडते. माया माया म्हणतो ती एवढीशी असते, हे शिकल्यावर मला तेव्हा बरं वाटलं होतं. जे कळतं त्याची भीती राहत नाही.

चंद्रीपुढं रेडकू नेऊन ठेवायचं काम चांगुणानं आपणहून घेतलं. कुत्री ओढतील म्हणून ते घरात, आतल्या खोलीत ठेवलेलं असायचं. धारेच्या वेळेला ती ते घेऊन यायची आणि धार झाली की परत न्यायची. सून काहीतरी करायला लागली म्हणून बनाबाईंना हायसं वाटलं, आणि मलाही.

४

आठ दिवसांनी एका संध्याकाळी मी किटली घेऊन गोठ्यात उभी होते. आतल्या दारातून चांगुणा रेडकू घेऊन आली, आणि मला छातीत झिणझिण्या आल्या. ज्या बाईनं पाजलंय तिला हे सांगायला नको. दोन्ही बाजूंना मुंग्या आल्यासारखं होतं आणि पाठोपाठ दूध उतरतं. माझं पोलकं बघता बघता ओलं झालं. मी पदर पुढं ओढून घेतला.

यात नवल काही नव्हतं. विशाखाची आठवण झाली असेल, धारेचा आवाज ऐकून झालं असेल. पण मी नुकतीच तिला दोन्हीकडं पोटभर पाजून आले होते.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. मग मी जरा नीट बघायचं ठरवलं. एक दिवस मुद्दाम शेजारच्या तुळजाबाईच्या गोठ्यात जाऊन थांबले. तिथं म्हैस होती, धार होती, खरं जिवंत रेडकू ओरडत होतं. मला काही झालं नाही. तिथून दहा पावलांवर बनाबाईंचा गोठा. तिथं गेले, चांगुणा रेडकू घेऊन दारात आली, आणि मला पान्हा फुटला.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पान्हा आधी मला यायचा, मग चंद्रीला. चंद्रीनं मान वळवून बघायच्या आत माझं पोलकं भिजलेलं असायचं.

घरी येऊन मी आईला विचारलं, असं कुणाचं होतं का गं. आई म्हणाली, तुझ्या अंगाला दूध जास्त आहे, आणखी काय. मी म्हटलं, हो, तेच असेल.

५

शंका आली की माणूस बघायला लागतो. मी बघायला लागले.

सुरुवातीला चांगुणा ते रेडकू मागच्या पायांना धरून, डोकं खाली लोंबकळत आणायची. आता ती त्याचं डोकं कोपराच्या घडीत घ्यायची आणि दुसरा हात बुडाखाली द्यायची. पोटावरची सुतळी जाऊन तिथं पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके आले होते, गोधडीला घालतात तसे. पोटही आधीसारखं फुगलेलं नव्हतं, गोठ्यात भुसकट सांडलेलं असायचं. चंद्री पहिल्यांदा त्याची पाठ चाटायची. आता ती जीभ थेट त्या टाक्यांवर फिरवायची, थांबायची, कान टवकारायची, पुन्हा चाटायची.

एकदा मी जरा लवकर पोचले. आतल्या खोलीतून चांगुणाचा आवाज येत होता. हळू, लाडात. “कूसू… कूसू…” बायका दुभत्या जनावराशीसुद्धा बोलतात, त्यात काही नाही. मग ती गप्प व्हायची, आणि मध्ये जेवढा वेळ कुणी उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ गप्पच राहायची.

रेडकू घेऊन ती दारात आली. माझ्या चेहऱ्याकडं नाही, पदराकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

“तुमालाबी येतुया व्हय, बाई,” ती म्हणाली.

मी किटली पुढं केली. बनाबाई म्हणाल्या, काय येतंय गं? चांगुणा म्हणाली, कुठं काय.

दुसऱ्या दिवशी मी दुधाला गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उपकेंद्रात लेकरांना वाटायच्या सुकडीबरोबर आलेली दूध पावडर होती ती वापरली. मला मीच सांगितलं की उन्हाचं तेवढं चालायला नको वाटतंय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. चांगुणा पायरीवर उभी होती, हातात तांब्या, वर पान झाकलेलं. तुम्ही आला न्हाय म्हणून दूध आणलं, म्हणाली. मागच्या खोलीत विशाखा झोळीत जागी होती, हुंकार देत होती. माझा हात आपोआप मागं गेला आणि मी मधलं दार ओढून घेतलं. कडीचा आवाज झाला. चांगुणानं तो ऐकला. तिनं तांब्या पायरीवर ठेवला आणि खालमानेनं निघून गेली.

माझं लेकरू तिच्या दृष्टीला पडू नये म्हणून मी दार लावलं होतं. मी, जिच्या बापानं ताईत उकिरड्यावर फेकले होते. मला माझीच शिसारी आली. दोन महिने मी तिला रडवायला निघाले होते आणि माझी मुलगी मात्र तिच्यापासून लपवून ठेवली होती. चंद्रीला आपण नावं ठेवतो. पान्हा चोरत होते ती मी.

६

चौथ्या दिवशी बनाबाई स्वतः आल्या. कडबा संपला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर चंद्रीला छावणीत नेऊन बांधणार होता. आणि चांगुणाला तिचा भाऊ बसवराज मुरूमला न्यायला येणार होता. तिकडं सीमेवर कुणीतरी एक होता म्हणे, झाडाला बांधून, मिरचीची धुरी देऊन असल्या बायकांना वाटेवर आणणारा. बनाबाईंच्या डोळ्याला पाणी आलं होतं. मला बी बरं वाटत न्हाय, पर करू काय, म्हणाल्या. ती आता भाकरीचा तुकडाही तोंडात घेत नव्हती.

धुरी दिलेल्या दोन बायका मी नोकरीत पाहिल्या होत्या. एकीचे डोळे गेले होते. दुसरी शुद्धीवरच आली नाही.

मला एक संध्याकाळ द्या, मी म्हणाले. आजची. ती रडली तर तुम्ही बसवराजला चहा पाजून एकट्यालाच परत लावा. बनाबाईंनी माझे हात धरले. ज्या हातांना शिवू नये म्हणून त्या दूध वरून ओतायच्या, ते हात धरून त्या बराच वेळ बसल्या.

विशाखा तेव्हा झोपलेली होती. तिला उठवून पाजावं असं आई म्हणाली, पण मी थांबले नाही. दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्या होत्या, चालताना दुखत होत्या. मी मनाशी सगळं ठरवलं होतं. चांगुणाला त्या रेडकापुढं बसवायचं. टाके तिच्याच हातानं उसवायला लावायचे. आत भुसकट आहे हे तिच्या डोळ्यांनी, हातांनी तिला कळू द्यायचं. अंगाला कळलं की मनाला कळेल, मग रडू येईल. डॉक्टरांनी सांगितलेलं मी असं जुळवलं होतं, आणि ते जुळतही होतं.

७

गोठ्यात शिरले तर सूर्य नुकताच बुडाला होता. पत्र्याच्या फटींतून तांबूस उजेड येत होता. चंद्री दावणीला उभी होती. चांगुणा भिंतीला टेकून खाली बसली होती आणि टाके तिनं आधीच उसवले होते. शेजारी भुसकटाचा ढीग होता. मांडीवर रेडकाचं कातडं, आणि त्या कातड्याच्या पोटात पांढरं काहीतरी गुंडाळलेलं. माझ्या साडीचं दुपटं मी लगेच ओळखलं.

मला इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ हसले. म्हणजे हे होतं तर. लेकराचं दुपटं तिनं आत घालून शिवलं होतं. तान्ह्या लेकराचा वास कापडातून महिनोन् महिने जात नाही. डोळ्याला फसवता येतं, नाकाला नाही. माझ्या नाकानं तो वास धरला, हरभऱ्याएवढ्या गाठीनं तिचं काम केलं. फळ्यावरचं चित्र सगळंच्या सगळं बरोबर होतं.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, चांगुणा, दे इकडं, आपण दोघी मिळून बघू.

तिनं दिलं. लगेच दिलं, मलाच द्यायचं ठरवून ठेवल्यासारखं. माझ्या छातीत झिणझिण्या आल्या.

“माझं आटलं, बाई,” ती म्हणाली. “आजवर चंद्रीनं सांभाळली. उद्या चंद्रीबी जाती. मग हिला कोण हाय?”

“अगं, हे कापड आहे.”

“व्हय. मला कळतंय.” ती माझ्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा शहाण्या बाईचा होता. “भुकेली हाय. एकदाच पाजा. आज कुलूप नगा लावू, बाई.”

मी बोचकं मांडीवर घेतलं. खालून ओलं लागलं. कोमट होतं. चंद्रीनं चाटलं असणार, मी स्वतःला म्हटलं. मग चंद्रीकडं बघितलं. तिला दावणीपासून आमच्यापर्यंत मान पोचवता येत नव्हती.

तरीही मी पोलक्याची गाठ सोडली. मला हे सरळ सांगायचंय, कारण पुढं मी स्वतःशीही पुष्कळ बहाणे केले. मी ते चांगुणाला रडवण्यासाठी केलं नाही. माझं अंग मला विचारायला थांबलं नाही. मी तिला डावीकडं घेतलं आणि डोळे मिटले. नर्सनं डोळे मिटायचे नसतात.

पहिली ओढ कशी असते ते आईला माहीत असतं. जरा दुखतं, मग पाठीतून कळ जाते, मग सगळं सैल पडतं.

गोठ्यात बारीक आवाज येत होता. थांबून थांबून, एका लयीत. चंद्री रवंथ करतेय, मी म्हटलं. डोळे उघडून पाहिलं तर चंद्रीचं तोंड बंद होतं. ती आमच्याकडं बघत स्थिर उभी होती आणि तिच्या चारी सडांतून दूध जमिनीवर गळत होतं.

मी एकदाच खाली बघितलं. दुपट्याची घडी जरा सरकली होती. उजेड अगदी थोडा होता. त्या घडीत मला टाळू दिसली. मी शेकडो लेकरांच्या टाळूवर बोट ठेवलंय, टाळू कशी असते ते मला कुणी सांगायला नको. ती उडत होती.

मी घाबरले का? घाबरले. पण त्याहून जास्त मला वाईट वाटलं की किती दिवसांची भुकेली आहे ही. मी हात तिच्या पाठीखाली दिला आणि घडी परत नीट ओढली, वारं लागू नये म्हणून.

तेवढ्यात शेजारी काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. चांगुणा रडत होती. तोंडावर हात नाही, पदर नाही, गळा काढून, पोटापासून रडत होती. बनाबाई धावत आल्या आणि तिला कवळ्यात घेऊन त्याही रडायला लागल्या. मी पोलकं सारखं केलं. मांडीवर एक ओलं दुपटं होतं आणि वाळलेलं कातडं होतं, बाकी काही नव्हतं.

८

बसवराज चहा पिऊन एकटाच परत गेला. त्या रात्री चांगुणानं अर्धी भाकरी खाल्ली. पुढं पाऊस झाला, चंद्री छावणीतून परत आली. चांगुणाला दोन मुलं झाली, दोन्ही माझ्याच हातून, आणि तेव्हापासून मी मीटिंगला जाताना दाराला कुलूप लावलं नाही, राखण तुळजाबाईकडं आणि दार नुसतं लोटलेलं. मध्ये तिच्या नातीच्या बारशाला गेले होते. मला बघून चांगुणानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नातीला माझ्या मांडीवर ठेवलं. त्या संध्याकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ते दुपटं तिनं पुरलं, की जपून ठेवलं, मी विचारलं नाही.

नोकरीतली शेवटची बारा वर्षं मी नव्या पोरींना शिकवायचं काम केलं. फळ्यावर तेच चित्र काढायची. मेंदू, त्याच्या बुडाशी हरभऱ्याएवढी गाठ, तिथून खाली येणारा बाण. लेकराचा वास, आवाज, आठवण. पोरी वहीत उतरवून घ्यायच्या. एखादी हुशार पोरगी विचारायची की मॅडम, लेकरू नसलं तरी पान्हा येतो का? मी म्हणायची, येतो. लेकरू नसलं तरी येतो. ते खरंच आहे, शास्त्रात बसतं, आणि मला तेवढ्यावर थांबता यायचं.

पण थांबता न येणारं एक आहे, ते सांगते आणि संपवते.

त्या संध्याकाळी मी घरी आले. वाटेत स्वतःला सगळं समजावलं होतं. अंधार पडलेला, मन हललेलं, चार दिवस झोप नाही. ओढ वाटली ती पान्ह्याची कळ. टाळू म्हणजे कापडाची सुरकुती. दारात पाय ठेवेपर्यंत माझं मलाच पटलं होतं. विशाखा उठली होती आणि भुकेनं लाल होऊन ओरडत होती. आईनं ती माझ्या मांडीवर टाकली. उजवी बाजू अजून दगडासारखी होती, पदर लागला तरी ठणकत होती. मी नेहमीप्रमाणं तिला आधी डावीकडं घेतलं.

तिनं चारदा ओढलं आणि तोंड सोडून माझ्याकडं बघितलं. पुन्हा ओढलं आणि रडायला लागली. मी दाबून पाहिलं. थेंब आला नाही.

“असं कसं झालं गं,” आई म्हणाली. “कुणाला पाजून आलीस का काय?”

मी विशाखाला उजवीकडं घेतलं.